नोकरी-घर सांभाळून पीएच.डी.: बहुतांशी ऑनलाइन होणारा, पण खरोखर मान्यताप्राप्त मार्ग आहे का?

तंतुवाद्य | ८ जुलै २०२५, रात्री १०:२०

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. वय ४४, एम.कॉम. आणि सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा). नोकरीला सोळा वर्षं झाली. कॅसमधून, म्हणजे सेवेतल्या पदोन्नतीच्या योजनेतून, लेव्हल १२ या वेतनस्तरापर्यंत आले. त्यापुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचं, म्हणजे १३ए मध्ये जायचं, तर पीएच.डी. लागते आणि तिथेच मी अडकले आहे. पण खरं सांगायचं तर फक्त पगाराचा प्रश्न नाही. शिकायची इच्छा एम.कॉम. झाल्या दिवसापासून मनात आहे, प्रत्येक वेळी घरातलं काही ना काही आधी आलं.

सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला. दिवसा एक मावशी असतात, संध्याकाळी साडेपाचनंतर मी. मुलगा दहावीला. त्यामुळे आठवड्यातून तीन दिवस कोल्हापूरला जाऊन बसणं मला जमणार नाही.

गेल्या महिन्यात एका कंपनीचा फोन आला. युरोपातल्या विद्यापीठाची ‘एक्झिक्युटिव्ह पीएच.डी.’, पूर्ण ऑनलाइन, तीन वर्षं, साडेचार लाख हप्त्याने, व्हायवा (तोंडी परीक्षा) सुद्धा झूमवर. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता आहे’ असं ती मुलगी चार वेळा म्हणाली. शुक्रवारपर्यंत पाच हजार भरून जागा धरायची आहे. अजून भरले नाहीत. कुणी असं काही केलं आहे का? आपल्याकडे ते चालतं का? चालत नसेल तर माझ्यासारखीने काय करायचं?

तिसरी घंटा | ८ जुलै २०२५, रात्री ११:०५

ताई, ते पाच हजार भरू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. त्यातली अठरा वर्षं मार्गदर्शक होतो. तुम्हाला पदोन्नतीसाठी पदवी हवी आहे, म्हणजे ती विद्यापीठ, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय आणि यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) या तिघांच्या नियमांत बसली पाहिजे. यूजीसीचे पीएच.डी.चे सध्याचे नियम ७ नोव्हेंबर २०२२ चे आहेत. त्यांत स्वच्छ लिहिलं आहे की, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येणार नाही. त्याच्या काहीच दिवस आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) यांनी मिळून जाहीर सूचना काढली होती की, एडटेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात त्यांना मान्यता नाही. तुम्हाला आलेला फोन नेमका त्याच प्रकारातला आहे.

आता चांगली बाजू. त्याच नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट परवानगी आहे. तुमच्या संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. त्यात तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ शिकायला परवानगी आहे, संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असं काम आहे आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (सुरुवातीचे वर्ग आणि पेपर) मोकळं करू. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन आणि महिलांना त्यावर आणखी दोन, म्हणजे तुमच्यासाठी दहा वर्षांपर्यंत दार उघडं आहे. शिवाय पूर्ण काळात प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. मुलगा दहावीत आहे म्हणालात, म्हणून सांगितलं.

सेट आहे हे तुम्ही ओझरतं लिहिलंत, पण तुमचं ते मोठं भांडवल आहे. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत नेट-सेटवाल्यांना पेटच्या, म्हणजे पीएच.डी. प्रवेशाच्या, लेखी परीक्षेतून सूट असते, थेट मुलाखत. यंदाची सूचना निघाली की ते कलम आधी वाचा.

रानवारा | ९ जुलै २०२५, सकाळी ७:४०

सर, आदर ठेवून एक विचारतो. मी पुण्यात आयटीत आहे, गेली पाच वर्षं माझी टीम तीन देशांत आहे आणि आम्ही महिनोन्‌महिने एकमेकांना न भेटता गंभीर काम करतो. वाणिज्य, इतिहास, भाषा या विषयांत प्रयोगशाळा नसते. मग मार्गदर्शकाशी व्हिडिओवर बोलून केलेलं संशोधन कमी दर्जाचं का धरायचं? तंतुवाद्य ताईंसारख्या बायकाच या नियमामुळे बाहेर राहतात. हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

तिसरी घंटा | ९ जुलै २०२५, सकाळी ९:१५

तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. ग्रंथालयावर चालणाऱ्या विषयांत मोकळीक हवी, असं मलाही वाटतं. पण नियम कुठून आला तेही पाहा. पदव्यांचा बाजार मी डोळ्यांनी पाहिला आहे. आणि तो फक्त ऑनलाइनवाल्यांचा नाही. याच वर्षी जानेवारीत यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना २०२५-२६ ते २०२९-३० अशी पाच वर्षं पीएच.डी.चे प्रवेश द्यायला बंदी केली, कारण पदवी देताना नियम पाळले नव्हते. ही विद्यापीठं यूजीसीच्या यादीत होती! म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, यादीत नाव आहे एवढ्यावर थांबू नका. त्या विभागातून गेल्या पाच वर्षांत कुणाचे प्रबंध झाले ते शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन उघडा. दोन-तीन वाचा. मार्गदर्शकाचं नाव, प्रकरणांची मांडणी, संदर्भ कसे दिलेत ते बघा. तासाभरात कळतं की तिथे काम होतं की नुसती बांधणी होते.

आणि एक: नियमाला ‘ऑनलाइन पीएच.डी.’ चालत नाही. पीएच.डी.तलं बरंचसं काम ऑनलाइन करायला त्याची हरकत नाही. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा पेपर सक्तीचा. सल्लागार समितीने शिफारस केली तर यूजीसीमान्य ऑनलाइन अभ्यासक्रमही त्या क्रेडिटमध्ये धरता येतात. समितीपुढे दर सत्राला एकदा सादरीकरण. बाकी वाचन, सामग्री गोळा करणं, लिहिणं कुठे बसून करायचं हे कुणी विचारत नाही.

अबोली | ९ जुलै २०२५, दुपारी ३:३०

मी हे कधी कुठे लिहिलं नव्हतं. पण ताईंचा शुक्रवार जवळ आलाय, म्हणून लिहिते.

२०१९ मध्ये मी अशीच एक परदेशी ऑनलाइन पीएच.डी. घेतली. तीन लाख ऐंशी हजार. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून दीड लाख त्यात गेले. विषय कंपनीनेच सुचवला, पाच शीर्षकांची यादी आली होती, त्यातलं एक निवडायचं. मार्गदर्शक महिन्यातून एकदा ‘छान चाललंय’ अशी मेल करायचे. दोन वर्षांत एकदाही कुणी माझं एखादं वाक्य खोडलं नाही. तेव्हा मला तो माझ्या लिखाणाचा गौरव वाटला. व्हायवा वीस मिनिटांत संपला, तीन प्रश्न विचारले, तिन्ही प्रस्तावनेवरचे.

पदवी आली, दारावर पाटी लावली, पेढे वाटले. पुढे एका महाविद्यालयात मुलाखतीला निवड झाली आणि विद्यापीठाच्या मान्यतेसाठी कागद गेले तेव्हा समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, मागितलं. ते मिळालं नाही. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजने दूरस्थ पदव्यांना समकक्षता कधी दिलीच नव्हती, ते मला तेव्हा कळलं. कंपनीचा नंबर लागेना. आईने एका रात्री पाटी काढून कपाटात ठेवली, मला न सांगता.

ताई, मला आज कुणी विचारलं की खोटं कसं ओळखायचं, तर मी एवढंच सांगेन: तुमच्या कामाला कुणी विरोध करतंय का ते बघा. खरी पीएच.डी. म्हणजे तुमच्याशी भांडणारी माणसं.

मी आता ३९ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पुन्हा नोंदणी केली, इथेच, नियमाप्रमाणे. पहिलं प्रकरण माझ्या मार्गदर्शक बाईंनी चार वेळा परत लिहायला लावलं. रडले आणि बरंही वाटलं.

तंतुवाद्य | ९ जुलै २०२५, रात्री १०:५०

अबोली, तुमची पोस्ट वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल काय म्हणू? पैसे भरणार नाही. उद्या त्या मुलीला स्पष्ट नाही सांगते.

मिशिगनकर | १० जुलै २०२५, पहाटे ५:१०

धाग्याचं शीर्षक बघून आले. भारतातल्या नियमांबद्दल सरांनी लिहिलंच आहे, पण हा धागा माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्याही वाचतील, म्हणून दुसरी बाजू.

मी इथे सरकारी शाळेत गणित शिकवते आणि एका राज्य विद्यापीठातून ऑनलाइन एड.डी. (शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट) करते आहे, तिसरं वर्ष. अमेरिकेत ऑनलाइन डॉक्टरेट हा पूर्ण मान्य प्रकार आहे. जॉन्स हॉपकिन्सची एड.डी. ऑनलाइन आहे, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचीही आहे. पदवीवर ‘ऑनलाइन’ असा शिक्का नसतो. पण इथे मान्यता सरकार थेट देत नाही. मान्यता देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या संस्थांना सरकारचं शिक्षण खातं किंवा सीएचईए ही उच्च शिक्षण मान्यतेची परिषद ओळखते. आमच्या मिशिगन भागात परंपरेने हायर लर्निंग कमिशन. सगळ्यात मोठी फसवणूक इथेच होते. बनावट विद्यापीठ स्वतःच एक बनावट मान्यता संस्था उभी करतं. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कराचीतल्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं तेव्हा शेकडो खोट्या विद्यापीठांसोबत खोट्या मान्यता संस्थाही निघाल्या होत्या. म्हणून विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर काय लिहिलंय ते सोडा. शिक्षण खात्याच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या शोधयादीत नाव टाइप करा. दोन मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर विषयाची स्वतंत्र मान्यता. नर्सिंगमध्ये सीसीएनई, मानसशास्त्रात एपीए. क्लिनिकल सायकॉलॉजीची पूर्ण ऑनलाइन डॉक्टरेट घेऊन परवाना मिळेल अशा भ्रमात कुणी राहू नका, एपीए तशा अभ्यासक्रमांना मान्यता देत नाही. नर्सिंगची डीएनपी ही डॉक्टरेट ऑनलाइन होते, पण प्रत्यक्ष प्रॅक्टिसचे ठरावीक तास दाखवावे लागतात. तास आपल्या गावातल्या रुग्णालयात करता येतात, चुकवता मात्र येत नाहीत.

माझी रोजची गोष्ट: मंगळवार-गुरुवार संध्याकाळी सात ते साडेनऊ थेट वर्ग, कॅमेरा सुरू, उन्हाळ्यात एक आठवडा विद्यापीठात मुक्काम. आम्ही बारा जण एका तुकडीत सुरू झालो, नऊ उरलो. प्रबंध आपल्याच शाळेतल्या प्रश्नावर असतो. माझा विषय आहे सहावीत भाषेमुळे गणितात मागे पडणारी मुलं. कार्नेगी प्रकल्पाने २००७ पासून एड.डी.ची ही वाट आखली. पीएच.डी.सारखं नवं सिद्धांतन नव्हे, आपल्या कामातला प्रश्न शिस्तीत सोडवणं. पुढे विद्यापीठात संशोधक व्हायचं असेल त्यांनी एड.डी. आणि पीएच.डी. यांतला फरक आधी समजून घ्यावा.

पैशाचं: क्रेडिटला साधारण साडेसहाशे डॉलर पडतात. मालक वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत शिक्षणखर्च देऊ शकतो आणि त्यावर कर्मचाऱ्याला कर नसतो. आमच्या शाळेत ही सोय आहे हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. तुम्ही पहिल्या दिवशी एचआरला विचारा. आणि प्रवेशाआधी हे विचारा: कोर्सवर्क संपल्यावर प्रबंध लांबला तर दर सत्राला किती भरायचं? मार्गदर्शक कोण ठरवतं, कधी ठरवतं? कोर्सवर्क सगळं झालं आणि प्रबंध राहिला अशी माणसं इथे पैशाला पासरी आहेत, आणि त्यांची फी चालूच राहते.

गुंजभर | १० जुलै २०२५, सकाळी ११:२०

मिशिगनकर, भाचीला अमेरिकेला जायचं आहे. ऑनलाइन डॉक्टरेटवर विद्यार्थी व्हिसा मिळतो का?

मिशिगनकर | १० जुलै २०२५, रात्री ८:०५

नाही. एफ-१ वर पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चालत नाही, पूर्णवेळ अभ्यासात सत्राला एकच ऑनलाइन वर्ग धरला जातो. तिला यायचंच असेल तर प्रत्यक्ष पीएच.डी.ला अर्ज करायला सांगा, तिथे बहुतेक वेळा फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. ऑनलाइनला ते जवळजवळ नसतंच. एच-४ वर (नोकरीवाल्या जोडीदाराच्या आधाराने मिळणाऱ्या व्हिसावर) असलेल्या बायका मात्र शिकू शकतात, त्यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे. माझी सुरुवात तशीच झाली.

लीड्सवासी | ११ जुलै २०२५, रात्री १:३०

ब्रिटनबद्दल थोडक्यात. इथे ‘दूरस्थ पीएच.डी.’ हा जुना, प्रतिष्ठित प्रकार आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात काही विषयांत आहे, लँकेस्टरला शिक्षण-तंत्रज्ञानात आहे. यात बहुतेक ठिकाणी वर्ग जवळजवळ नसतात. तुम्ही, तुमचे दोन मार्गदर्शक आणि ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध. मी नोकरी करत अर्धवेळ करतो आहे, महिन्याला एक तास व्हिडिओवर बैठक, वर्षाला एक प्रगती-परीक्षा. तिथे काम कमी पडलं तर पीएच.डी.वरून एम.फिल.ला उतरवतात, ते लाजिरवाणं मानत नाहीत. ग्रंथालयाचं सगळं ऑनलाइन मिळतं, पण एकटेपणाची तयारी ठेवा. सहा-सहा महिने आपण काय करतोय हे शेजाऱ्यालाही माहीत नसतं. मी इथल्या दोघा अर्धवेळ संशोधकांबरोबर दर रविवारी सकाळी दोन तास कॉल चालू ठेवून नुसतं लिहितो, कुणी बोलत नाही. त्यानेच टिकलो.

इथे पदवी देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांची यादी सरकारच्या संकेतस्थळावर आहे, त्यात नाव हवंच. पण तंतुवाद्य ताई, ही पदवी खरी असली तरी ती भारतात महाविद्यालयीन नोकरीत चालवायची तर समकक्षतेचा प्रश्न येणारच. तुम्हाला मी हा रस्ता सुचवणार नाही. फीदेखील परदेशी विद्यार्थ्यांची.

रानवारा | ११ जुलै २०२५, सकाळी ८:००

मग माझ्यासारख्यांनी? मला शिकवायचं नाही, पदोन्नतीला पदवी लागत नाही. कंपनीतले दोघे फ्रान्समधल्या एका बिझनेस स्कूलचं ऑनलाइन डीबीए (व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट) करतात.

तिसरी घंटा | ११ जुलै २०२५, सकाळी १०:४५

तुम्हाला स्वतःच्या समजेसाठी करायचं असेल तर अवश्य करा. फक्त डोळे उघडे ठेवून. फ्रान्समध्ये राज्याची ‘डॉक्टोरा’ वेगळी आणि खासगी बिझनेस स्कूलचं डीबीए वेगळं. स्पेनमध्येही राज्यमान्य पदवी आणि संस्थेची स्वतःची पदवी, ज्याला ते ‘तितुलो प्रोपिओ’ म्हणतात, असे दोन प्रकार आहेत. दुसरा प्रकार बेकायदा नसतो, अभ्यासही चांगला असू शकतो, पण त्याला सरकारी डॉक्टरेटचं वजन नाही. विकणारा हा फरक सांगत नाही. एप्रिल २०२५ पासून परदेशी पदव्यांची समकक्षता यूजीसीने आपल्याकडे घेतली आहे. कुणाला पुढे-मागे शिकवण्यात यायचं असेल तर पैसे भरण्याआधी ते नियम वाचावेत आणि लेखी विचारणा करावी. फ्रँचायझीने दिलेल्या पदव्या त्यात बाहेर ठेवल्या आहेत, हे नक्की लक्षात ठेवा.

खडू_फळा | १२ जुलै २०२५, रात्री ९:३०

मी ताईंच्या जागी होते, म्हणून दिवस मोजून सांगते. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शिकवते, ४१ व्या वर्षी नोंदणी, ४७ व्या वर्षी पदवी, अर्धवेळ, मराठी विषय.

पहिलं वर्ष सगळ्यात जड. कोर्सवर्क दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत लावून घेतलं, एकूण पंचवीस-सव्वीस दिवस जावं लागलं. आमच्या संशोधन केंद्राने अर्धवेळवाल्यांसाठी सुटीतली तुकडी केली होती. प्रवेशाआधी हेच विचारा: कोर्सवर्क कधी घेता? त्यानंतर वर्षाला दोन सादरीकरणं, बाईंना भेटायला महिन्या-दीड महिन्याने एकदा, तेही पुढे फोनवर आणि गूगल मीटवर. पाचव्या-सहाव्या वर्षी पूर्वसादरीकरण, साहित्यचौर्याची तपासणी, मग प्रबंध. व्हायवाला एक परीक्षक समोर होते, दुसरे पडद्यावर.

घरचं: माझे वडील अंथरुणाला खिळलेले होते. पहाटे चार ते सहा हीच माझी वेळ. सहाला त्यांचा चहा, औषध. प्रबंधातलं तिसरं प्रकरण मी त्यांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशी बसून लिहिलं. ते विचारायचे, “आज किती झालं गं?” मी पानं सांगायची. पदवी बघायला राहिले नाहीत.

लोक म्हणतील की घरात आजारी माणूस आहे तर हे कशाला. ऐकू नका. पण एक करा, घरच्यांना आधी नीट बसवून सांगा. मावशींचा पगार दोन हजाराने वाढवून महिन्यातले चार रविवार त्यांचे मागून घ्या. माझं त्यावर निभावलं.

तिसरी घंटा | १३ जुलै २०२५, सकाळी ९:००

खडू_फळा यांनी लिहिलं त्याच्यापुढे माझ्याकडे फारसं नाही. फक्त मार्गदर्शकाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथे अडतं.

सध्याच्या नियमाने प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून नामवंत नावाच्या मागे लागू नका. रिकामी जागा, निवृत्तीला किमान सात-आठ वर्षं आणि फोन उचलण्याची सवय, ही तीन बघा. त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांपैकी एखादी अर्धवेळवाली बाई गाठा आणि एकच विचारा, ‘प्रकरण दिल्यावर किती दिवसांत परत येतं?’ महिन्याच्या आत येत असेल तर माणूस चांगला.

आणि विषय घराजवळचा घ्या. तुम्ही कुठल्या भागात आहात? तुमच्या भोवती बाजार कसले आहेत?

तंतुवाद्य | १३ जुलै २०२५, रात्री १०:१५

सर, हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी ‘ई-कॉमर्स आणि ग्राहक समाधान’ असं काहीतरी डोक्यात धरून बसले होते, सगळे तेच घेतात म्हणून. माहेर तासगावजवळ आहे. बेदाण्याचे सौदे लहानपणापासून बघितलेत. वडील शीतगृहात माल ठेवायचे आणि पावती घेऊन यायचे. त्या पावतीवर कर्ज काढावं की भाव पडलेला असताना विकून मोकळं व्हावं, यावर घरात रात्र-रात्र चर्चा चालायची. त्या पावतीवर काम होईल का?

तिसरी घंटा | १३ जुलै २०२५, रात्री १०:४०

होईल का काय विचारता! गोदाम पावतीचा कायदा २००७ चा आहे, बँका आहेत, अडते आहेत, शेतकरी आहेत आणि सगळे तुमच्या ओळखीचे. तुम्हाला मोठ्या शहरात राहून जे मिळणार नाही ते तुमच्याकडे आहे. वीस शेतकऱ्यांशी बोला, पाच पानं लिहा, मगच मार्गदर्शकाकडे जा. शीर्षक नंतर.

अबोली | १४ जुलै २०२५, सकाळी ६:५०

ताई, हा विषय तुम्हाला कुठल्या कंपनीने पाच शीर्षकांच्या यादीत दिला नसता. मी हे वाचून खूप आनंदले.

तंतुवाद्य | १८ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

सहा महिन्यांनी परत येते आहे. उशिराबद्दल माफ करा.

त्या कंपनीचे नंतर अकरा फोन आले. शेवटचा ‘खास सवलत, तीन लाख वीस हजार’ असा होता. दीड महिना शनिवारी दुपारी तासगावला गेले, चोवीस शेतकरी, तीन अडते, दोन शीतगृहांचे व्यवस्थापक आणि जिल्हा बँकेतले एक निवृत्त अधिकारी. सासूबाईंना गाडीतून दोनदा बरोबर नेलं. त्या बोलत नाहीत नीट, पण द्राक्षाचे मांडव बघून उजवा हात हलवत होत्या.

प्राचार्यांनी ना हरकत पत्र द्यायला आधी टाळाटाळ केली. मग मी नियमातल्या त्या तीन गोष्टी लिहूनच मसुदा नेला, तेव्हा सही झाली. सेटमुळे लेखी परीक्षा लागली नाही. मुलाखतीत एका सरांनी विचारलं, ‘हा विषय छोटा नाही का?’ मी पावतीची झेरॉक्स काढून समोर ठेवली, वडिलांच्या नावची, १९९८ ची. मग पुढची वीस मिनिटं तेच एकमेकांशी वाद घालत होते.

प्रवेश झाला. मार्गदर्शक बाईंच्या निवृत्तीला अकरा वर्षं आहेत. कोर्सवर्क मे महिन्यात. एक पेपर ऑनलाइन अभ्यासक्रमातून घेता येईल का, हे समितीपुढे ठेवणार आहेत. आराखड्याची पहिली आवृत्ती पाठवली होती, नऊ दिवसांत परत आली. तांबड्या शाईने भरली आहे. अबोली, पहिल्या पानावर मी एकवीस खुणा मोजल्या.

अबोली | १८ जानेवारी २०२६, रात्री ९:२५

एकवीस! ताई, माझ्या पहिल्या पानावर सतराच होत्या. अभिनंदन.

खडू_फळा | १८ जानेवारी २०२६, रात्री १०:०५

मे महिन्यात कोर्सवर्क म्हणजे दहावीची परीक्षा संपलेली असेल, मुलगा घरी असेल. आजीजवळ दुपारी त्याला बसवा, त्यालाही जबाबदारी कळेल. आणि वडिलांच्या त्या पावतीची मूळ प्रत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये ठेवा, झेरॉक्सवर भागवू नका. कागद पंचविशीच्या पुढे गेला की घडीवर फाटतो.